पान तीन, दुसरा परिच्छेद

माझी बायको म्हणते, मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. आरोप खरा आहे, पण गुन्हेगार मी एकटा नाही. अठरा वर्षं मी एका त्रैमासिकाचा संपादक होतो आणि त्या अठरा वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या एकाही लेखावर मला लेखकाचं नाव वाचायला मिळालं नाही. ते मिळू नये याची व्यवस्था ज्या बाई करायच्या, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. त्यामुळे यात कुणाचंच नाव येणार नाही. घातलं असतं तरी त्यांनी ते कापलंच असतं.

आम्ही त्यांना कात्रीबाई म्हणायचो. म्हणजे पाठीमागे, समोर नुसतं 'बाई'. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा मी फोनवर कुणाला तरी 'कात्रीबाईंना विचारून सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला, तर शेजारच्या खोलीतून आवाज आला, "सर, टोपणनावानं बोलायचं तर दार तरी लावून घ्यायचं." त्यांचं शिक्षण मॅट्रिक. नवरा शिंपी. कात्री त्यांच्याच दुकानातली होती, चांगली वीतभर पात्यांची, आणि दर पंधरा दिवसांनी ती धार लावायला घरी जायची. कागद कापून कात्री बोथट होते म्हणून नवरा कुरकुरायचा, असं त्या सांगायच्या. पण धार लावून द्यायचा.

आमचं त्रैमासिक माती आणि पाणी या विषयांना वाहिलेलं होतं. एका जुन्या संस्थेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यांत तीन लोखंडी कपाटं, एक टाइपरायटर, एक सारखं आजारी पडणारं झेरॉक्स मशीन आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. वाचक फार तर सहाशे. पण त्या सहाशेंना आमच्यात लेख छापून येणं म्हणजे मोठी गोष्ट वाटायची, कारण आम्ही सहजासहजी काही छापत नसू. लेख आला की त्याला क्रमांक मिळायचा. मग त्यावरचं नाव-गाव झाकून तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जायचा. त्यांना परीक्षक म्हणतात. लेख कुणाचा हे परीक्षकांना कळू द्यायचं नाही, आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. दोघांचं मत एक झालं तर ठीक. भांडण लागलं तर तिसरा परीक्षक. शेवटी संपादक काय तो निकाल देतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. यातलं शेवटचं काम माझं होतं, बाकी सगळं बाईंचं.

आता, नाव झाकायचं म्हणजे पहिलं पान काढून टाकलं की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण लेखक लोक भारी असतात. पहिल्या पानावर नसलं तरी पाचव्या पानावर 'मी माझ्या पूर्वीच्या संशोधनात दाखवल्याप्रमाणे' म्हणून हळूच डोकं वर काढतात. कुणी शेवटी गुरूचे आभार मानतो, की गुरूवरून शिष्य कळावा. बाई हे सगळं शोधून काढायच्या. प्रत्येक लेख ओळ न ओळ वाचायच्या, जिथे माणूस दिसला तिथे कात्री चालवायच्या, आणि उरलेलं चिकटवून त्याची झेरॉक्स काढायच्या. आधी त्या कापलेल्या जागी कोरी पट्टी लावायच्या. मग लक्षात आलं की परीक्षक कोऱ्या जागेची लांबी मोजून नाव ओळखतात. एकानं तर चक्क लिहून पाठवलं, 'या पट्टीत मावेल असं आडनाव या विषयात एकाचंच आहे.' त्या दिवसापासून बाईंनी पट्टी बंद केली. कापलं की खालचा मजकूर वर सरकवून असा बेमालूम जोडायच्या की काही गेलंय याचा पत्ता लागू नये. या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

कापलेले तुकडे मात्र त्या कधी फेकत नसत. प्रत्येक लेखाचं एक पाकीट, त्यावर क्रमांक, आत नाव, पत्ता, सोबतचं पत्र आणि कात्रणं. पाकिटं कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये. "गिऱ्हाईकाच्या कापडाचा तुकडा टाकायचा नसतो," त्या म्हणायच्या. "उद्या ठिगळ लावायला आला तर?" हे अर्थात नवऱ्याकडून आलेलं शहाणपण.

परीक्षकांची कार्डं हा दुसरा खजिना. एका लाकडी खोक्यात दोनशेच्या वर कार्डं, प्रत्येकावर पत्ता, विषय आणि खाली बाईंच्या बारीक अक्षरात एक शेरा, संपादकांच्या तक्रारी ऐकून लिहिलेला. 'तीन स्मरणपत्रं लागतात. मग एका बैठकीत लिहितो, तसं दिसतंही.' 'स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख नसला की रुसतो.' 'सगळ्यांना उत्तम म्हणतो.' संपादक होण्याआधी मीही परीक्षक होतो, तेव्हा एकदा त्या जेवायला गेल्या असताना मी माझं कार्ड काढून पाहिलं. 'चांगला. घाईत असला की चुकतो.' मला राग आला. आपल्याबद्दल कुणी खरं लिहिलं की येतोच.

सहाशे बारा क्रमांकाचा लेख आला तो थंडी संपता संपता. सोबतच्या पत्रात काय होतं ते मला फार उशिरा कळलं, पण वाचकाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आत्ताच सांगतो. लेखिका एका प्रयोगशाळेत सात वर्षं हंगामी नोकरीत होती. यंदा कायम करण्यासाठी मुलाखती होत्या, आणि तोवर एक तरी लेख स्वीकारल्याचं पत्र हातात हवं होतं. नाही तर सात वर्षांवर पाणी. तिनं गयावया केली नव्हती. मुलाखतीची तारीख लिहून 'शक्य झाल्यास त्याआधी कळवावे' एवढंच म्हटलं होतं. बाईंनी ते पत्र पाकिटात घातलं, पाकीट कपाटात, आणि माझ्यापाशी ताकास तूर लागू दिली नाही. तसाच नियम होता.

लेख एका विहिरीबद्दल होता. एकच विहीर, पण तिची पाण्याची पातळी रोज मोजलेली, अकरा वर्षं. म्हणणं असं, की विहिरीचं पाणी उन्हानं उतरतं असं आपण धरून चालतो, पण ही विहीर ऊन तापायच्या सहा आठवडे आधीच उतरायला लागते. आसपासच्या झाडांना नवी पालवी फुटायला लागते तेव्हा. पाणी आधी झाडं पितात आणि मग ऊन. मला वाचताना मजा वाटली. पण मजा वाटणं हा काही संपादकाचा निकष नव्हे.

दोन परीक्षणं आली. पहिलं 'सगळ्यांना उत्तम' यांचं, तीन ओळींचं. उत्तम, छापावा. दुसरं आंबटकाकांचं. हे आमचे सर्वांत जुने परीक्षक. त्यांच्या कार्डावर बाईंनी 'आंबट, पण प्रामाणिक' असं लिहिलेलं, म्हणून त्यांचं नाव आंबटकाका पडलं. त्यांनी चार पानं लिहिली होती आणि त्यांतलं शेवटचं पान जहाल होतं. 'चार हजार नोंदी कुणी घेतल्या, कशानं घेतल्या, दिवसाच्या कोणत्या वेळी घेतल्या, याचा एका शब्दानं उल्लेख नाही. इतकी सलग नोंद मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही. माझ्या मते हे आकडे बनावट असून घरी बसून तयार केलेले आहेत.'

भांडण लागलं की तिसरा परीक्षक, हा नियम आमचाच. बाईंनी विचारलंही, "तिसऱ्याकडे पाठवायचा ना, सर?"

मला दुपारी एका चर्चासत्राला जायचं होतं. गाडी खाली उभी होती. "चार पानांसमोर तीन ओळी आहेत, बाई. तिसरा येऊन काय करणार? नकाराचं पत्र करा."

निकालाची ओळ सोडली तर बाई परीक्षणं वाचत नसत. वाचली की कुणाची तरी बाजू घ्यावीशी वाटते, असं त्यांचं म्हणणं. परीक्षकाची सही झाकायची आणि लेखकाकडे पाठवायचं, एवढंच त्या करत. त्यांनी तसंच केलं. मी सही करून जिना उतरलो. सगळ्याला मिळून पाच मिनिटं लागली असतील. त्या चर्चासत्रात काय झालं ते मला आज अजिबात आठवत नाही.

दीड आठवड्यानं बाई दारात उभ्या राहिल्या. एरवी त्या दारात उभ्या राहत नसत, सरळ आत यायच्या.

"सर, सहाशे बाराचं पत्र आलंय."

"नाकारलेल्यांची येतातच. शिव्या किती आहेत?"

"शिव्या नाहीत. म्हणूनच आणलं."

पत्र सहा-सात ओळींचं होतं. परीक्षक विचारतात की नोंदी कुणी घेतल्या. ते पान तीनवर, दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे. परीक्षकांना ते पटलं नसेल तर मी समजू शकते. पण ते लिहिलेलंच नाही असं ते का म्हणतात, हे मला कळलं नाही. मूळ नोंदी माझ्याकडे आहेत. कुणालाही दाखवायला तयार आहे.

मी आमची प्रत काढली. पान तीन. दुसऱ्या परिच्छेदात पावसाची आकडेवारी होती. "इथे तर काही नाही," मी म्हणालो. "बघा, खोटं बोलायचं तर निदान—"

बाईंनी पदराआडून हात पुढे केला आणि टेबलावर एक कात्रण ठेवलं. सात ओळींचं, कडा सरळ, एक अक्षरही न दुखावता कापलेलं.

'या नोंदी लेखिकेच्या आईने घरच्या विहिरीवर घेतल्या आहेत.' पुढे गावाचं नाव. 'रोज सकाळी, पाणी काढण्यापूर्वी. दोराच्या टोकाला दगड बांधलेला असून दोरावर दर वितीला एक गाठ आहे. दोर पाण्याला टेकेपर्यंत सोडून कठड्यापासूनच्या कोरड्या गाठी मोजल्या जातात व आकडा त्याच वेळी कॅलेंडरवर लिहिला जातो. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. ज्या दिवशी मोजणी झाली नाही ते घर रिकामे ठेवले आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "गावाचं नाव कापलंत ते कळलं. आई कापलीत तेही ठीक, घरच्या विहिरीवरून माणूस ओळखू येईल. पण दोर? गाठी? त्या का कापल्यात?"

बाईंनी मान खिडकीकडे वळवली. टाकीवर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे बघत होत्या.

"नावापुरतं कापता आलं असतं," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम सगळं काढलं. मला वाटलं, चौथी शिकलेल्या बाईनं दोरानं मोजलंय म्हटल्यावर ही मोठी माणसं पुढे वाचायचीच नाहीत. हसतील. म्हणून म्हटलं, हे नकोच. निव्वळ आकडे बघू देत, आकडे चांगले आहेत." मग चष्मा काढून त्यांनी काच पुसली. "भलं करायला गेले, सर. आणि पोरीला खोटारडं ठरवून बसले."

आता माझी पाळी होती, आणि मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी नियम सांगितला. नाकारलेला लेख पुन्हा उघडायचा नाही, हा माझ्याच काळात मी केलेला नियम होता, कारण एकदा उघडायला लागलो की रोज एक रडत येईल. मी म्हणालो, तिला दुसरीकडे पाठवायला सांगू, एक सौम्य पत्र लिहू. बाईंनी ऐकून घेतलं. मग शेजारच्या खोलीत जाऊन त्या लाकडी खोकं घेऊन आल्या, त्यातलं एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. ते माझं कार्ड होतं.

"हे तुम्ही अजून ठेवलंय?" मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत तेव्हापासून त्याचा कोपरा दुमडलाय," बाई म्हणाल्या. "मी कापलं ते कापलं. पण तिसऱ्याकडे गेला असता तर तिसऱ्यानं विचारलं असतं, की हा मजकूर राहिला की काय? ती वाट तुम्ही बंद केलीत. आता नियम कुणासाठी राखायचाय?"

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी अशा बोलल्या नव्हत्या. आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे जास्त लागलं. मी कागद ओढला आणि लेखिकेला पत्र लिहिलं. नकाराचं पत्र चुकीचं होतं, चूक कार्यालयाची आणि माझी, लेखाचं परीक्षण पुन्हा सुरू आहे. मूळ नोंदी घेऊन यावं. दुसरं पत्र आंबटकाकांना, कात्रणाच्या झेरॉक्ससह.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी ती आली. तिशी ओलांडलेली, खांद्याला पर्स आणि हातात भाजीची असावी तशी कापडी पिशवी. बाईंचा नियम असा की लेखकाचं तोंडही बघायचं नाही. कुणी कार्यालयात आलंच तर त्या कपाटांमागे काहीतरी शोधायला जायच्या. त्या दिवशीही गेल्या. मग आपणच बाहेर आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमचा परिच्छेद मी कापला," त्या म्हणाल्या.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "वाचला होता तुम्ही?"

"वाचला होता. म्हणून तर कापला."

 मुलीनं पिशवीतून कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली. बारा होती, अकरा वर्षांची अकरा आणि चालू सालाचं एक. वाण्याकडून, औषधाच्या दुकानातून फुकट मिळतात तसली, भिंतीवर राहून पिवळी पडलेली. प्रत्येक तारखेच्या घरात खालच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं एक आकडा. काही घरांत दुधाचा हिशेब होता, गॅस कधी लावला ते होतं, पण तो आकडा कशाच्या खाली दबलेला नव्हता. आम्ही तिघं बसलो. मी लेखातली तारीख वाचायची, बाईंनी कॅलेंडरात शोधायची. दोनेकशे तारखा तपासल्या असतील. एकही चुकली नाही.

लेखात त्रेसष्ट दिवस 'नोंद नाही' असे होते. बाईंनी ती रिकामी घरंही शोधली, एकेक करून.

"हे सलग चाळीस दिवस?"

"मी बाळंतीण होते. आई माझ्याकडे होती."

"आणि हे नऊ?"

"वडील गेले तेव्हा."

बाईंनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. असं करत त्या चालू सालाच्या कॅलेंडरपाशी आल्या. तिथे शेवटचे दोन आठवडे सगळे रिकामे होते. बाईंना वाटलं कॅलेंडर आधीच भिंतीवरून काढलं असेल.

"हे कधी काढलंत?"

"परवा रविवारी." मुलगी म्हणाली. "तुमचं पत्र घेऊन मी घरी गेले होते. आईला वाचून दाखवलं. सगळं नाही, पण तो भाग वाचला. तिनं विचारलं, बनावट म्हणजे काय गं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोर गुंडाळून माळ्यावर टाकला. म्हणाली, खोटंच ठरायचं असेल तर कशाला रोज वाकायचं."

झाडांना पालवी फुटायचे दिवस होते. बारा महिन्यांतले नेमके हेच दिवस, ज्यांच्याबद्दल तो सगळा लेख होता. बाईंनी त्या रिकाम्या घरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू त्यांत काही लिहिलेलं आहे.

मुलगी निघाली तेव्हा बाईंनी तिला आईसाठी एक लिफाफा दिला. आत ते मूळ कात्रण होतं, पाठीला जाड कागद चिकटवलेला, आणि सोबत दोन ओळी. 'हा तुमच्याबद्दलचा मजकूर. मी कापला होता, परत करते. चूक माझी आहे, मोजणी खरी आहे.' खाली त्यांनी सही केली, पूर्ण नावानिशी. त्यांचं पूर्ण नाव मी पगारपत्रकाशिवाय कुठे पाहिलं नव्हतं.

कॅलेंडरांच्या झेरॉक्स आणि रिकाम्या घरांची कारणं मी आंबटकाकांकडे पाठवली. त्यांचं उत्तर दहा दिवसांत आलं, कुणी आठवण न करता. 'जे मला दिलं नाही ते मी वाचलं नाही, यात माझा दोष किती, हे तुम्ही ठरवा. पण बनावट हा शब्द मी मागे घेतो आणि लेखिकेची क्षमा मागतो. तेवढं माझ्या सहीसह कळवावं. कॅलेंडरांच्या प्रती पाहिल्या. आकडे रचणाऱ्याच्या घरी बाळंतपणं होत नाहीत आणि माणसं मरत नाहीत. चालू सालाची नोंद जोडून लेख स्वीकारावा.' त्यांचं नाव झाकू नये असं त्यांनी खाली दोनदा अधोरेखित केलं होतं. बाईंनी झाकलं नाही.

स्वीकृतीचं पत्र मुलाखतीच्या चार दिवस आधी तिच्या हातात पडलं. ती कायम झाली. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी, आणि माझ्यापुरती ती संपलीही होती. मला हायसं वाटलं होतं. बाईंना वाटलं नव्हतं.

जोडलेल्या नोंदींसोबत मुलीचं पत्र आलं. आईनं दोर खाली काढला होता. लिफाफा नेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागली होती. मधे एकवीस दिवस गेले. 'बाईंचा कागद तिनं वाचला. त्यांना निरोप सांगितला आहे, तो जसाच्या तसा लिहिते: कागद पोचला. पण एकवीस दिवसांचं पाणी आता मी कुठून आणू?'

बाईंनी ते पत्र पाकिटात घातलं नाही. ते कितीतरी दिवस त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं. त्याच सुमाराला त्यांनी एक रबरी शिक्का करून आणला, 'येथे मजकूर झाकला आहे', आणि खालचं वर सरकवून जोडणं कायमचं बंद केलं. परीक्षक जागेची लांबी मोजतील, मी म्हणालो. मोजू देत, त्या म्हणाल्या. आणि डबा खाऊन झाला की त्या कपाट उघडून बसायच्या. नाकारलेल्या लेखांची पाकिटं एकेक काढून कात्रणं आणि परीक्षणं शेजारी ठेवून वाचायच्या, आपण आणखी कुणाचं काही कापलं का ते बघायला. परीक्षणं न वाचण्याचा त्यांचा नियम त्यांनीच मोडला. सहा महिने हे चाललं. दोन संशयाची सापडली. दोघांना त्यांनी पत्रं लिहिली. एकाचं उत्तर त्याच्या मुलाकडून आलं, की वडील आता नाहीत, पण पत्राबद्दल आभारी आहोत. ते उत्तर वाचून बाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

सहाशे बारा छापायला जायची वेळ आली तेव्हा आलेखात त्या एकवीस दिवसांची मोकळी जागा होती. रीतीप्रमाणे तळटीपेत 'नोंद उपलब्ध नाही' असं मी लिहिलं. बाईंनी मुद्रितं तपासताना ते खोडून दुसरं लिहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"असं छापायची पद्धत नाही, बाई. आपल्या हातानं आपल्या तोंडाला काळं फासायचं? सहाशे लोक वाचणार."

"रिकामी जागा का आहे ते सांगितलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं, सर," त्या म्हणाल्या. "बाकीच्या त्रेसष्ट घरांचं कारण त्या बाईला ठाऊक आहे. ही एकवीस आपली आहेत."

मी सही केली. आमच्या त्रैमासिकाच्या त्या अंकात, त्या पानाच्या तळाशी, सर्वांत बारीक टायपात ती ओळ आहे. 'या एकवीस दिवसांची नोंद नाही. कारण या नियतकालिकाच्या कार्यालयाची चूक.' अंक आला तेव्हा बाईंनी एक प्रत स्वतः विकत घेऊन त्या गावाला पाठवली. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं वाचता येतं.

पुढच्या वर्षी मुलीनं नव्या नोंदी पाठवल्या, सहज बघायला म्हणून. चाळताना मला एक चूक सापडली, निदान मला ती चूक वाटली. पालवीच्या दिवसांत रोज एकाऐवजी दोन आकडे होते. मी मोजले. एकवीस दिवस, तेच, त्याच तारखा. खाली मुलीनं लिहिलं होतं, 'या दिवसांत आईनं सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजलं. मी सांगितलं की त्यानं मागचं भरून निघत नाही. तिनं ऐकलं नाही.'

मी ते घेऊन शेजारच्या खोलीत गेलो. म्हणालो, बाई, शास्त्राच्या दृष्टीनं याला काही अर्थ नाही हं.

बाईंनी कागद हातात घेतला. चष्मा लावला आणि ते दोन-दोन आकडे वाचत गेल्या, ओठांतल्या ओठांत, पहिल्या तारखेपासून एकविसाव्यापर्यंत. मग कागदाची घडी घातली आणि काच उचलून तो कागद त्या जुन्या पत्राशेजारी ठेवला.

"हे शास्त्रासाठी नाहीये, सर," त्या म्हणाल्या. "हे मला पाठवलंय."